आकडा लागला का?

सायकलवरून ऑफिसला जाणाऱ्या मंडळींचे सरळसरळ दोन गट आहेत. पाठीला सॅक लावणारे आणि कॅरिअरला बॅग लावणारे. पहिला गट ओळखायला सोपा. लिफ्टमध्ये तुमच्या पुढ्यात उभे असतात आणि शर्टाच्या पाठीवर घामाने काढलेला महाराष्ट्राचा नकाशा असतो, पार कोकणपट्टीसकट! दुसरा गट एकदम कूल. सायकल स्टँडला लावली, कॅरिअरच्या बाजूची बॅग खट्कन काढली, हातात घेतली की चालले. ही जी खट्कन निघणारी बॅग, तिला म्हणतात पॅनिअर.

शब्द भारदस्त वाटतो, पण मूळ अगदी घरगुती आहे. लॅटिनमध्ये ‘पानिस’ म्हणजे पाव आणि पॅनिअर म्हणजे मुळात पावाची टोपली. पुढे गाढवाच्या दोन्ही बाजूंना लटकवायच्या टोपल्यांना तेच नाव पडलं आणि तिथून ते सायकलवर आलं. गंमत म्हणजे आपल्या वडापावातला पावसुद्धा पोर्तुगीजांमार्फत त्याच ‘पानिस’पासून आलाय. म्हणजे डब्यात वडापाव घालून पॅनिअरमध्ये ठेवलात, तर दूरच्या दोन चुलत भावांची भेट झाली असं समजा! आणि आपल्याकडे पडशी होतीच की. खांद्यावर नाही तर घोड्याच्या पाठीवर दोन्हीकडे लोंबणारी. फंडा तोच, फक्त पडशीला नट-बोल्ट नव्हते.

आजचा विषय ते नट-बोल्टच.

पॅनिअर घेताना आपण काय बघतो? रंग. लॅपटॉपचा कप्पा आहे का. वॉटरप्रूफ आहे का. रात्री चमकणारी पट्टी आहे का. मागची बाजू कुणी बघतच नाही. अहो, पण सगळा खेळ मागेच असतो! दुकानात बॅग सरळ पालथी करा. वरच्या बाजूला दोन आकडे दिसतील, ते कॅरिअरच्या दांडीवर बसतात. खाली एक तिसरा आकडा किंवा इलॅस्टिकला बांधलेला एस आकाराचा हूक, तो बॅग झोके खाऊ नये म्हणून. आकडे ज्यावर बसलेत ती आडवी पट्टी. आणि कापडाच्या आत एक कडक पत्रा किंवा प्लॅस्टिकची फळी, बॅग पोटातून फुगून चाकात जाऊ नये म्हणून. लॅपटॉप, चार्जर, डबा, बदलायचे कपडे, सायकलचं कुलूप... सहा-सात किलो कुठे गेले नाहीत. हे सगळं ओझं दोन आकड्यांवर. खड्डा आला की ते दोन आकडेच आधी दणका खातात आणि आपल्या रस्त्यांवर ‘खड्डा आला की’ असं म्हणायचीही सोय नाही, तो गेलेला कुठे असतो?

(आकडा म्हटलं की आपल्याकडे लोकांना मटका आठवतो, नाही तर तारेवर टाकलेला विजेचा आकडा. इथला आकडा त्या मानाने फारच सज्जन.)

माझ्या एका मित्राची गोष्ट ऐका. बाणेरहून हिंजवडीला रोज सायकलने जायचा. बॅग जाडजूड कापडाची, तीन वर्षं वापरलेली, एक टाकाही उसवलेला नाही. एका सकाळी स्पीडब्रेकरवर मागचा आकडा तुटला. बॅग एकाच आकड्यावर लोंबकळली, गर्रकन फिरली आणि तिचा खालचा कोपरा थेट स्पोकमध्ये गेला. मागचं चाक जागच्या जागी जाम आणि हा गडी डांबरावर! कोपराला सहा टाके, चार स्पोक वाकडे, लॅपटॉप मात्र सहीसलामत. मागून बस येत नव्हती एवढंच नशीब. पुढचे दोन महिने साहेब कारने ऑफिसला. वर सगळ्यांना सांगत होते, आपल्याकडच्या रस्त्यांवर सायकल चालवणं म्हणजे वेडेपणा.

तो तुटलेला तुकडा त्याने फेकला नव्हता, म्हणून मला बघायला मिळाला. बोटाच्या पेराएवढं काळं प्लॅस्टिक. आकडा जिथे वाकतो त्या आतल्या कोपऱ्यात तुटलेलं. तुटलेल्या कडेचा निम्मा भाग मळका, धूळ बसलेला आणि निम्मा एकदम ताजा, चकचकीत. म्हणजे काय, तर तडा त्या दिवशीचा नव्हताच. अर्धा आकडा कधीचाच गेला होता, उरलेला अर्धा स्पीडब्रेकरने नेला. कुणी बॅग पालथी करून टॉर्च मारला असता तर आठवडाभर आधीच दिसला असता.

त्यामुळे पहिलं काम आजच करा. बॅग काढा, आकड्याच्या आतल्या कोपऱ्यावर अंगठ्याचं नख फिरवा. नख कुठे अडकतंय का? प्लॅस्टिक तिथे पांढुरकं पडलंय का? पडलं असेल तर त्याचे दिवस भरले. ऑफिसच्या पार्किंगमध्ये दिवसभर उन्हात तापणारं प्लॅस्टिक वर्षा-दोन वर्षांत ठिसूळ होतं. म्हणून बॅग वर डेस्कपाशी न्या, सायकलला लटकत ठेवू नका.

आता ऊन एकवेळ परवडलं, आकड्याचा खरा शत्रू आहे खडखड. म्हणजे आकडा मोठा आणि दांडी बारीक. प्रत्येक खड्ड्यात बॅग मिलिमीटरभर उडते आणि परत आपटते. दिवसातून हजार वेळा! आकडा झिजतो, दांडीचा रंग खरवडला जातो आणि लोखंडी कॅरिअर असेल तर पहिल्याच पावसाळ्यात तिथे गंज धरतो. म्हणून दांडी किती जाड आहे हे माहीत हवं. व्हर्निअर कॅलिपर घरी नसतो, मान्य. पण दहा-अकराचा पाना कुठल्याही गॅरेजवाल्याकडे असतो. पान्याचं दहाचं तोंड दांडीवर बसतंय? नीट, अलगद बसलं तर दांडी १० मिमी. डुगडुगलं तर त्याहून बारीक, आठचा लावून बघा. बसलंच नाही तर अकरा, बारा, तेरा करत वर जा. पाच मिनिटांचं काम. टूरिंगच्या चांगल्या कॅरिअरची दांडी बहुतेक वेळा १० मिमीच असते. ई-बाईकची कॅरिअर जाड असतात, १६ मिमीपर्यंत, काही त्याच्याही वर. आपल्या काळ्या सायकलच्या कॅरिअरचं मात्र काही सांगता येत नाही. काहींना गोल दांडी, काहींना चपटी पट्टी आणि वर तो स्प्रिंगचा चाप, जो नेमका आकड्याच्या आडवा येतो. तो आधी काढून टाकावा लागतो.

दांडी बारीक असली तर आकड्याच्या आत छोटे इन्सर्ट बसवतात. चांगल्या बॅगेबरोबर ते पाकिटात येतात. आपण काय करतो? ते पाकीट खोक्याबरोबर रद्दीत टाकतो! ‘ऑर्टलीब’ या जर्मन कंपनीच्या क्यूएल २.१ नावाच्या सिस्टिमचंच बघा. आकडे १६ मिमीपर्यंतच्या दांडीसाठी आणि सोबत ८, १० आणि १२ मिमीसाठी वेगवेगळे इन्सर्ट. आता १० मिमीच्या दांडीवर १६ मिमीचा आकडा तसाच लावून दोन वर्षं फिरणारे महाभाग असतात आणि ‘एवढी महागाची बॅग घेतली तरी आवाज करते’ म्हणून तक्रार करतात. बॅग बिचारी काय करणार?

ऑर्टलीबचं नाव निघालंच आहे तर थोडं थांबू, कारण सुट्या भागांच्या बाबतीत मला हे लोक जाम आवडतात. हार्टमुट ऑर्टलीब हा तरुण इंग्लंडमध्ये सायकलवर फिरताना पावसात भिजत होता. शेजारून जाणाऱ्या ट्रकची ताडपत्री त्याने पाहिली. आतला माल कोरडा आणि आपण चिंब! घरी येऊन त्याने ताडपत्रीचीच बॅग शिवली आणि १९८२ मध्ये कंपनी काढली. आज ती बव्हेरियात हाइल्सब्रॉन या गावी आहे. ताडपत्रीची ही कहाणी सगळे सांगतात. मला मोठी वाटते ती दुसरीच गोष्ट. यांच्या बॅगेचा आकडा, खालचा हूक, पट्टी, बकल, स्क्रू, सगळं सुटं विकत मिळतं. आकडा गेला? आकडा घ्या. पट्टी वाकली? पट्टी घ्या. कॅनडात क्विबेकमधली ‘आर्केल’ ही कंपनीसुद्धा याच पंथातली. त्यांच्या मोठ्या बॅगांचे आकडे धातूचे आणि त्याला ‘कॅम लॉक’. एक छोटी कळ फिरवली की दांडीभोवती मिठी बसते, कितीही आपटा, सुटत नाही. वजन थोडं जास्त, पण आपल्या रस्त्यांना मला तेच पटतं. तिसरा पर्याय जर्मनीतल्याच ‘रिक्सेन अँड कौल’चा, ‘क्लिकफिक्स’ नावाने. त्यांची आकड्यांसकट पूर्ण पट्टी मिळते, ती तुम्ही तुमच्या आवडत्या बॅगेवर बसवायची. म्हणजे आजोबांची कातड्याची ऑफिस बॅग असेल तर तीही पॅनिअर होऊ शकते! फक्त कातड्याला भोकं पाडायची हिंमत हवी आणि आजोबांची परवानगी.

एक सावधगिरी. सिस्टिम बदलली की भाग जुळत नाहीत. ऑर्टलीबचीच क्यूएल ३ किंवा ३.१ घ्या. दिसायला एकदम सुबक, कारण बॅगेवर आकडे नाहीतच, आकड्यांचं काम करणारा सांगाडा कॅरिअरला कायमचा लावायचा असतो. ऑफिसात खांद्याला लावली तर शर्टात काही रुतत नाही, झक्कास! पण ती बॅग मैत्रिणीच्या सायकलवर लावायला जाल तर लटकवणार कशाला? तिच्या कॅरिअरवरही तोच सांगाडा पाहिजे. घरात दोन सायकली आणि एक बॅग असा हिशेब असेल तर साधी आकडेवाली बरी.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं इम्पोर्टेड, महागाचं, कुरिअरची वाट बघा, वर कस्टम्स भरा. बरोबर आहे. आपल्यापैकी बहुतेकांकडे साधी बॅग असते, जिचे आकडे थेट फळीला रिव्हेट मारून बसवलेले असतात. रिव्हेट म्हणजे एकदा बसली की उघडायची सोय नाही. आकडा तुटला की दुकानदार एका दमात सांगतो, ‘नवीन बॅग घ्या.’ इथे मला राग येतो, खरंच! पेराएवढ्या प्लॅस्टिकसाठी अख्खी धडधाकट बॅग कचऱ्यात? नवी बॅग घेतानाच दुकानात एक प्रश्न विचारा: ‘याचा आकडा सुटा मिळेल का?’ समोरचा ब्लँक झाला तर बॅग खाली ठेवा, कितीही गोड दिसत असली तरी.

पण रिव्हेटवाली आधीच घेऊन बसला असाल तर टेन्शन नको. माझ्या मित्राची बॅग आम्ही एका शनिवारी अशीच उभी केली. पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी (मुंबईकरांनी नागदेवी स्ट्रीट गाठावा) म्हणजे या कामाची पंढरी. मी मागितलं, ‘पाच एमएमचे स्टीलचे बोल्ट, वीस लांबी, चार द्या.’ गल्ल्यावरचे चाचा हसले. ‘ताई, चार नाय मिळणार. डझन घ्या.’ डझन घेतले. सोबत नायलॉक नट, म्हणजे ज्याच्या आत नायलॉनची कडी असते आणि जो हादऱ्याने आपोआप सैल होत नाही, तो. आणि रुपयाच्या नाण्याएवढे रुंद वायसर. हे रुंद वायसर विसरू नका, कारण बारीक वायसर प्लॅस्टिकमधून आरपार ओढला जातो. सगळं मिळून एका मसाला डोशाच्या पैशात.

मग ड्रिल. रिव्हेटचं डोकं बरोबर मधोमध धरून उडवायचं, बुडखा मागे ढकलायचा. नेहमीची रिव्हेट ४.८ मिमीची असते, त्यामुळे भोक पाचच्या बोल्टला जवळजवळ तयारच असतं. बोल्टचं गुळगुळीत गोल डोकं बॅगेच्या आत, नट बाहेरच्या बाजूला. उलटं केलंत तर नटाचं टोक लॅपटॉपवर रोज नक्षी काढेल. आतल्या वायसरखाली जुन्या ट्यूबची गोल कापलेली चकती घाला, म्हणजे भोकातून पाणी येत नाही. जून ते सप्टेंबर या चकतीचे आभार मानाल. आणि एक महत्त्वाचं: प्लॅस्टिकवर लॉकटाइट वगैरे थ्रेडलॉकर लावू नका. काही प्लॅस्टिकला त्याने बारीक तडे जातात. नायलॉक नट आहे ना, तेवढा पुरे.

आतली फळी चिरली होती. नवी कुठली आणणार? स्वयंपाकघरातला प्लॅस्टिकचा चॉपिंग बोर्ड! पातळ, किंचित लवचीक, पाण्याला भीत नाही आणि करवतीने सहज कापला जातो. फ्लेक्सवाल्याकडचा सनबोर्ड नको, तो आत फोमचा असतो, बोल्ट त्यातून चर पाडत जातो. मित्राच्या आईने बोर्ड कुठे गेला म्हणून विचारलं तेव्हा आम्ही दोघं एकदम कामात होतो.

इंजिनिअर मंडळींचे हात आता शिवशिवत असतील, ‘आकडा थ्री-डी प्रिंट करू की!’ करा, पण पीएलएमध्ये नको. ते साधारण ६० अंशांना मऊ पडतं आणि उन्हातल्या काळ्या आकड्याला तिथपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. पीईटीजी किंवा नायलॉन वापरा आणि प्रिंट आडवी झोपवून काढा, म्हणजे थर आकड्याच्या वाकासोबत फिरतात. उभी काढलीत तर ओझं थराथरांमधला जोड सोलून काढेल, खारीसारखा.

जुन्या पद्धतीची, खाली इलॅस्टिकवर हूक असलेली बॅग असेल तर ते इलॅस्टिक दर वर्षी बदला. ओढून सोडलं आणि आळस देत परत आलं तर ते गेलं. बॅगा शिवणाऱ्या दुकानात गोल इलॅस्टिक दोरी मीटरवर मिळते. बकलचंही तसंच. पट्टी मोजून जा, २०, २५ की ३८ मिमी. बकल शिवणीत अडकलेलं असेल तर मोच्याकडे जायचाही कंटाळा नको, एका दांडीला चीर दिलेलं बकल येतं, त्यात पट्टी बाजूने सरकवायची. शिवण उसवायची गरज नाही. मिळालं तर दोन घेऊन ठेवा.

नवे आकडे बसले की ते पट्टीवर कुठे सरकवायचे याकडे लक्ष द्या. पेडल मारताना टाच बॅगेला लागत असेल तर बॅग मागे न्या, म्हणजेच आकडे पुढच्या बाजूला घ्या. दोघांपैकी एक आकडा कॅरिअरच्या आडव्या किंवा तिरक्या दांडीला अगदी चिकटून बसेल असं बघा, मग ब्रेक मारल्यावर बॅग पुढेमागे घसरत नाही. खालचा आकडा कॅरिअरच्या उभ्या पायात अडकला पाहिजे, हवेत नव्हे. आणि ज्यांना माझ्यासारखं दोनदा कुलूप ओढून बघायची सवय आहे, त्यांनी कॅरिअर आणि बॅगेचं हँडल मिळून एक वेलक्रोचा पट्टा आवळून टाकावा. आकडा तुटलाच तरी बॅग चाकात जाणार नाही. मित्राच्या सायकलवर असा पट्टा आता कायमचा आहे. तो परत सायकलने हिंजवडीला जातोय, त्याच बॅगेसह.

उरलं कॅरिअर. बॅग मजबूत केली आणि कॅरिअरचेच बोल्ट ढिले, असं चालेल का? तेही बहुधा पाचचेच असतात, चारच्या ॲलन कीने, म्हणजे हार्डवेअरवाल्याच्या भाषेत एलएन कीने फिरणारे. एकेक काढा, पुसा, आटे कोरडे करा. इथे धातूवर धातू आहे, त्यामुळे निळं थ्रेडलॉकर बेशक लावा, एक थेंब पुरतो. लाल नको, ते पुन्हा सुटायचं नाव घेत नाही. कॅरिअरवर कमाल वजन कोरलेलं असेल तर तेही एकदा वाचून घ्या, तो आकडा दोन्ही बाजूंच्या बॅगा मिळून असतो. आणि हे काम शनिवारी संध्याकाळी उरका, रविवारी रात्री नको. थ्रेडलॉकर पूर्ण पकडायला २४ तास घेतं आणि सोमवारी सकाळी निघायचंय.